दिक्पाताचा रकाना

दारणा धरण १९१६ साली पुरे झाले आणि आमच्या घोटी-इगतपुरीचा पाऊस हा मोजून वाटायचा जिन्नस झाला. पुढे २००५च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आणले. जायकवाडीला किती पाणी सोडायचे, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. भांडण पाण्याचे, पण पुरावा आकड्यांचा. म्हणून आकडा निघतो कसा हे शोधण्याच्या नादी मी लागलो.

वाहते पाणी मोजायला हल्ली एडीसीपी नावाचे यंत्र वापरतात. ते पाण्यात ध्वनी सोडते. गाळाच्या कणांवरून परतलेल्या ध्वनीची पट्टी किती बदलली, त्यावरून थराथराचा वेग काढते. मात्र पाणी कसले आणि उत्तर कुठे, हे त्याला आधी सांगावे लागते. वीस अंश तापमानाला ध्वनी गोड्या पाण्यात सेकंदाला सुमारे १४८२ मीटर जातो, समुद्रात सुमारे १५२०. क्षारतेच्या रकान्यात समुद्राचे ३५ तसेच ठेवून यंत्र दारणेत उतरवले, तर वेग अडीच टक्क्यांनी फुगतो. खोलीही फुगते.

दुसरा रकाना दिक्पाताचा, म्हणजे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतल्या कोनाचा. आपल्याकडे तो एका अंशाहून कमी, म्हणून शून्य ठेवण्याचा मोह होतो. नदीचा तळ स्थिर असेल तर विसर्गाला त्याने बाधाही येत नाही. पण पुरात तळाचा गाळच सरकतो. मग नावेचा वेग जीपीएसवरून घ्यावा लागतो. जीपीएस खरी उत्तर जाणते आणि होकायंत्र चुंबकीय. दोघांचा मेळ बसला नाही की चूक थेट विसर्गात उतरते.

दिक्पात कायम राहत नाही. लंडनमध्ये १५८०च्या सुमारास तो अकरा अंश पूर्वेला होता, १८१८च्या सुमारास चोवीस अंश पश्चिमेला. तेव्हा एकाच जागी पिढ्यान् पिढ्या सुई पाहत बसण्याला पर्याय नाही. आपल्याकडे हे काम कुलाब्याच्या वेधशाळेत झाले. ती १८२६ची, चुंबकीय नोंदी १८४१पासूनच्या. प्रोफेसर ऑर्लिबार यांच्या हाताखाली तिथे अलिबागजवळच्या नागावचा एक पोरगेला सहायक पन्नास रुपये पगारावर होता: केरो लक्ष्मण छत्रे. केरुनाना आपल्याला पंचांगामुळे आणि ‘ग्रहसाधनाची कोष्टके’मुळे ठाऊक. चुंबकापाशी घालवलेली त्यांची उमेदीची वर्षे मात्र एका ओळीत उरकली जातात, हे मला खटकते.

विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत विजेची ट्राम येऊ घातली. रुळांतून जमिनीत झिरपणाऱ्या प्रवाहाने सुई थरथरणार, हे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले. त्यांनी खाडीपलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभारवली. बांधकामात लोखंड कटाक्षाने टाळले. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी चालल्या. मला सर्वांत मोलाची वाटतात ती हीच दोन वर्षे. त्यांच्यामुळे जुनी मालिका नव्या मालिकेला जोडली गेली. ट्राम धावली ७ मे १९०७ रोजी. मूस यांनी १८४६ ते १९०५च्या नोंदींचे ग्रंथ १९१० साली छापले.

आज अलिबागची वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. यंत्रात भरायचा दिक्पात ज्या जागतिक प्रतिमानातून मिळतो, त्याची घडण उपग्रह आणि अशाच वेधशाळांच्या नोंदींवर होते. लोखंडी पुलाखाली किंवा जीपला खेटून उभे राहून यंत्र जुळवले, तर तो अचूक अंकही वाया जातो. मूस यांना ट्रामपासून पळायला खाडी ओलांडावी लागली; इथे जीपपासून दूर जाऊन यंत्र एकदा पुरते गोल फिरवले तरी पुष्कळ काम होते.