दीड फोन जाडीचं चिलखत: नगरमधले जपानी रणगाडे

आजचा भाग एका वादातून निघालाय.

चिंचपोकळीला आमच्या चाळीच्या गॅलरीत माझा मावसभाऊ फोनवर रणगाड्यांचा गेम खेळत होता. म्हणाला, "दादा, हा जपानी टँक एका गोळीत फुटतो. झिरोसारखं भारी विमान बनवणाऱ्यांनी असला पत्र्याचा डबा का बनवला?" मी इंजिनिअर असल्याच्या तोऱ्यात म्हणालो, "डिझाइन गंडलं, दुसरं काय!" दोन आठवड्यांनी आम्ही एसटीने नगरला गेलो आणि मला माझे शब्द मागे घ्यावे लागले.

नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर. तिथे १९९४ पासून लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. ब्रिटिश, जर्मन, अमेरिकन गाड्यांच्या गर्दीत दोन जपानी आहेत: टाइप ९५ हा-गो आणि टाइप ९७ ची-हा. हे आकडे जपानच्या शाही कालगणनेतले. त्यांचं २५९५ म्हणजे आपलं १९३५, आणि २५९७ म्हणजे १९३७.

हा-गो बघून पहिलं काय वाटतं? केवढासा आहे हा! लांबी साधारण ४.४ मीटर, रुंदी दोन मीटरच्या आसपास. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीपेक्षा लांबीला थोडा जास्त, रुंदीला बराच कमी. त्यात तीन माणसं. वरच्या फिरत्या टरेटमध्ये कमांडर एकटाच. शत्रू शोधायचा त्यानेच, ३७ मिलिमीटरच्या तोफेत गोळा भरायचा त्यानेच, नेम धरून उडवायचाही त्यानेच. वर बाकीच्या दोघांना हुकूमही द्यायचे.

आणि चिलखत? सगळ्यात जाड भाग १२ मिलिमीटर. तुमच्या हातातला फोन साधारण ८ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे दीड फोन! जड मशीनगनची गोळी जवळून आली तर आरपार.

मग असं का केलं? इथेच खरी गोष्ट आहे. १९३०च्या सुमारास जपानकडे टाइप ८९ होता, ताशी २५ किलोमीटरवर दमणारा. ट्रकमधून जाणाऱ्या पायदळाबरोबर तो धावूच शकत नव्हता. म्हणून लष्कराने मागितली हलकी आणि वेगवान गाडी. हा-गोचं वजन साडेसात टनांच्या आत, वेग ४५. समोर चीनचं सैन्य होतं, त्यांच्याकडे रणगाडे फारच थोडे. गाड्या जहाजातून न्यायच्या, कच्च्या पुलांवरून काढायच्या. मांचुरियाच्या थंडीत रेडिएटरचं पाणी गोठू नये म्हणून इंजिन हवेने थंड होणारं, तेही डिझेलचं, म्हणजे आगीचा धोका कमी. आमच्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंट जशी आली तसं प्रॉडक्ट बनलं. पायदळवाल्यांनी तेव्हाच कुरकुर केली होती की चिलखत पातळ आहे. पण घोडदळाला वेग हवा होता.

आता याच डब्याने काय केलं ते ऐका. ७ जानेवारी १९४२, मलाया, स्लिम नदी. पहाटेच्या अंधारात जपानी रणगाडे, ची-हा पुढे आणि हा-गोही सोबत, सरळ डांबरी रस्त्याने घुसले. समोर होती ११वी भारतीय डिव्हिजन. मलायात इंग्रजांनी एकही रणगाडा पाठवला नव्हता. तिथल्या अनेक भारतीय जवानांनी तोवर रणगाडा डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. दुपारपर्यंत डिव्हिजनच्या दोन ब्रिगेड मोडून पडल्या. चार दिवसांत क्वालालंपूर गेलं, १५ फेब्रुवारीला सिंगापूर. ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांच्यासमोर दीड फोनही पुरतो.

दोन वर्षांनी पारडं फिरलं. २० मार्च १९४४ ला मणिपूरच्या सीमेवर, तामूजवळ, तेच हा-गो ब्रिटिशांच्या लढाऊ तुकडीतल्या अमेरिकन ली रणगाड्यांसमोर आले. लीचं चिलखत ५१ मिलिमीटर, म्हणजे सहा फोन, आणि तोफ ७५ मिलिमीटरची. हा-गोंचा निभाव लागला नाही. त्याच आठवड्यात उत्तरेला सांगशाकच्या डोंगरावर आपल्या मराठा पलटणीची चौथी बटालियन जपान्यांना अडवून धरत होती. इम्फाळ वाचायला हे सगळं लागलं.

मग जपानने सुधारणा का नाही केली? केली, पण उशिरा. ची-हाचं चिलखत तीन फोन, म्हणजे २५ मिलिमीटर. १९४२ पासून त्याला ४७ मिलिमीटरची जास्त जोरकस तोफ बसवली. पण पोलाद आधी जहाजांना आणि विमानांच्या कारखान्यांना जात होतं. १९४२ मध्ये हजारावर रणगाडे बनले होते, १९४४ मध्ये पाचशेही नाहीत. ७५ मिलिमीटरची तोफ असलेला टाइप ३ ची-नु शेवटच्या लढाईसाठी मायदेशातच राखून ठेवला. त्याने युद्धात एक गोळाही झाडला नाही.

परतीच्या एसटीत मावसभाऊ म्हणाला, "म्हणजे डिझाइन गंडलं नव्हतं ना?" मी म्हटलं, "१९३५ ला नव्हतं. गंडलं ते १९४४ ला माणसांना त्याच डब्यात बसवून पाठवलं तेव्हा." तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आणि मलायात आपल्या लोकांना तर डबासुद्धा दिला नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही नगरला गेलात तर हा-गोसमोर उभं राहून आपल्या फोनची जाडी एकदा बघा, आणि काय वाटलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!