खुणांनी बोलणारे बेट

मार्थाज विनयार्ड हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळचे बेट मूळचे वाम्पानोआग लोकांचे. सतराव्या शतकात तेथे इंग्रज कुटुंबे वसली. जोनाथन लॅम्बर्ट हा तेथील पहिला ज्ञात कर्णबधिर रहिवासी. सुतारकाम व शेती करणारा हा गृहस्थ १६९० च्या दशकात बेटावर आला.

लॅम्बर्ट आणि त्याच्या शेजाऱ्यांपैकी अनेकांचे पूर्वज इंग्लंडमधील केंट परगण्यातले होते. त्यांच्यासोबत आनुवंशिक बहिरेपण आले असावे, असे मानले जाते. हा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच प्रकट होई. बेटावरच्या सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच होत राहिल्या, त्यामुळे ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटीही बहिरी मुले जन्मत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सुमारे ५,७०० माणसांमागे एक जण बहिरा होता. बेटावर १५५ मागे एक, तर चिलमार्क गावात २५ मागे एक.

चिलमार्कमध्ये ऐकू येणारी मुलेही बोली शिकावी तशी खुणांची भाषा शिकत. होडीतले कोळी दूरच्या होडीशी खुणांनी बोलत. चर्चमध्ये, दुकानात, गावाच्या सभेत हीच भाषा चाले. बहिरी माणसे लग्न करत, शेती-मासेमारी करत, गावाची कामे पाहत.

१८१७ मध्ये हार्टफर्ड येथे कर्णबधिरांची शाळा निघाली. बेटावरची मुले तिथे गेली आणि त्यांच्या खुणाही अमेरिकन सांकेतिक भाषेच्या घडणीत मिसळल्या. शिकलेले तरुण बेटाबाहेरच्यांशी लग्ने करू लागले, तशी बहिऱ्या मुलांची संख्या घटली. १८८० च्या दशकात अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी बेटावरच्या वंशावळी तपासल्या. बहिऱ्यांनी आपसांत लग्ने करणे त्यांना धोक्याचे वाटे. बेटावरच्या आनुवंशिक बहिरेपणाच्या परंपरेतील शेवटची व्यक्ती १९५२ मध्ये वारली.

नोरा एलन ग्रोस यांनी बेटावरच्या वृद्धांच्या आठवणी टिपून १९८५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. दोन जुन्या शेजाऱ्यांबद्दल बोलताना एका आजींना ते उत्तम कोळी होते हे आधी आठवले. दोघेही बहिरे होते, हे विचारल्यावर.

हाच इतिहास अ‍ॅन क्लेअर लझॉट या कर्णबधिर लेखिकेच्या 'शो मी अ साइन' (२०२०) या किशोर-कादंबरीचा पाया आहे. काळ १८०५. अकरा वर्षांची बहिरी मेरी लॅम्बर्ट भाऊ जॉर्जच्या मृत्यूने खचली आहे आणि त्याचा दोष स्वतःकडे घेते. बहिरेपणाचे कारण शोधायला आलेला एक तरुण तिला बळजबरीने बॉस्टनला नेतो. तिथे खुणा जाणणारे कोणी नाही, म्हणून लोक तिला मतिमंद समजतात. मेरी तीच असते; बेटावर मात्र तिच्या भोवतीचे सारे गाव तिची भाषा शिकलेले असते.