मोहल्ला लायब्ररी

मोहल्ला लायब्ररी म्हणजे वस्तीतच, मुलांना चालत जाता येईल असं मोफत बालवाचनालय. औरंगाबादमध्ये (आताचं छत्रपती संभाजीनगर) २०२१ मध्ये, कोरोनामुळे शाळा बंद असताना, एका शाळकरी मुलीच्या स्वतःच्या पुस्तकांपासून याची सुरुवात झाली. ‘रीड अँड लीड फाउंडेशन’ने ती इतर मोहल्ल्यांत नेली.

गरजू विद्यार्थ्याची फी, वह्या यासाठी जकात देता येते. वाचनालयाला मात्र लोक सहसा सदका-ए-जारिया म्हणून मदत करतात.

आम्ही शिक्षक दरवर्षी गुणगौरवाचे जलसे पाहतो. ट्रॉफी पहिल्या तिघांनाच मिळते. मागच्या बाकावर अडखळत वाचणारं मूल टाळ्या वाजवून घरी जातं. त्याला हवं घरी नेता येईल असं पुस्तक, उर्दू असो की मराठी. सत्काराच्या हारांचा खर्च वाचवला, तरी एक कपाट सहज भरेल.