दृष्टी, कृत्रिम

डोळ्यातील प्रकाशसंवेदी कोशिका निकामी झाल्या असता दृष्टिमार्गातील शिल्लक तंत्रिका कोशिकांना (मज्जापेशींना) विद्युत् प्रवाहाने उद्दीपित करून प्रकाशाची जाणीव पुन्हा उत्पन्न करणे, यास कृत्रिम दृष्टी म्हणतात. मानवी जालपटलात सु. १२ कोटी दंड व सु. ६० लक्ष शंकू असतात. परंतु दृक् तंत्रिकेतील तंतू सु. १० ते १२ लक्षच असतात. म्हणजे जालपटल हा केवळ चित्र झेलणारा पडदा नव्हे. ते चित्राचे सार काढून मग पुढे धाडते. या गोष्टीचे महत्त्व प्रारंभीच्या संशोधकांना पुरेसे उमगले नव्हते, असे म्हणावे लागते.

विजेने दृष्टिसंवेदना उत्पन्न होते, हे पुष्कळ आधी माहीत होते. फ्रेंच वैद्य शार्ल लर्वा यांनी १७५५ मध्ये लायडन पात्रातील विद्युत् भार एका अंध व्यक्तीच्या डोक्याभोवती गुंडाळलेल्या तारेतून सोडला, तेव्हा तिला ज्वालांसारखे काही दिसले. पुढे १९२९ मध्ये ओटफ्रीट फर्स्टर या जर्मन तंत्रिकातज्ञांनी मेंदूच्या पश्चकपाल खंडास उद्दीपन दिले असता रुग्णास प्रकाशाचा ठिपका दिसल्याची नोंद केली.

खरा प्रारंभ मात्र केंब्रिज येथील जी. एस. ब्रिंडली व डब्ल्यू. एस. लेविन यांच्या प्रयोगाने झाला. काचबिंदूने अंध झालेल्या ५२ वर्षांच्या स्त्रीच्या मेंदूवर त्यांनी ८० विद्युत् अग्रे बसविली व प्रत्येकास कवटी व त्वचा यांच्या दरम्यान ठेवलेला लहानसा रेडिओ ग्राहक जोडला. त्यामुळे त्वचेतून तार बाहेर काढावी लागली नाही. हा वृत्तांत १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकेका अग्राच्या उद्दीपनाने त्या स्त्रीस दृष्टिक्षेत्रात ठराविक जागी ठिपका दिसे. काही अग्रांमुळे एकाहून अधिक ठिपके अथवा धूसर ढगासारखे पुंजके दिसत. डोळे हलविले की ठिपकेही त्यांच्याबरोबर सरकत. वरवर किरकोळ वाटणारे हे निरीक्षण पुढे फार अडचणीचे ठरले. कारण कॅमेरा चष्म्यावर असतो, बुबुळात नव्हे.

अमेरिकेत विल्यम डोबेल यांनी हीच दिशा पुढे चालविली. १९७८ मध्ये रोपण केलेल्या ६४ अग्रांच्या साहाय्याने एक अंध गृहस्थ कॅमेऱ्यातून मोठी अक्षरे ओळखू शकत असल्याचे त्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केले. डोबेल २००४ मध्ये निधन पावले.

जालपटलाकडे वळण्याचे कारण सरळ होते. रेटिनायटिस पिगमेंटोझा या आनुवंशिक विकारात दंड व शंकू नष्ट झाले, तरी आतील कोशिकांचा बराच भाग टिकून राहतो. ऑस्ट्रेलियातील ग्रॅहॅम टॅसिकर यांनी १९५६ मध्येच जालपटलामागे प्रकाशसंवेदी सिलिनियम घट ठेवण्याची कल्पना मांडली होती. १९९० नंतर मार्क हुमायून व त्यांचे सहकारी यांनी जालपटलाच्या आतील पृष्ठभागास उद्दीपन देण्याचे तंत्र विकसित केले. त्यातून निघालेल्या ‘आर्गस १’ या साधनात (२००२) कर्णावर्त रोपणातील उद्दीपकच फेरफार करून वापरला होता व १६ अग्रे होती. ‘आर्गस २’ मध्ये ती ६० झाली. यास यूरोपात २०११ व अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. चष्म्यावरील कॅमेऱ्याचे चित्र कमरेला अडकविलेल्या संगणकात संस्कारित होऊन वेटोळ्याद्वारे डोळ्यातील ग्राहकाकडे जाई. ६० ठिपक्यांत चेहरा ओळखणे शक्य नव्हते. चाचण्यांतील सर्वोत्तम दृष्टितीक्ष्णता २०/१२६० होती. म्हणजे निकोप डोळ्यास १,२६० फुटांवरून दिसणारा तपशील रुग्णास २० फुटांवरून दिसे. तरीही दाराची चौकट, पदपथाची कड वा समोर उभा राहिलेला माणूस जाणवणे ही ठार अंधत्वात राहिलेल्यांस लहान गोष्ट नव्हती.

सु. ३५० व्यक्तींमध्ये हे रोपण झाले. निर्माती ‘सेकंड साइट’ या संस्थेने २०१९ मध्ये उत्पादन थांबविले व २०२० मध्ये बहुतेक कर्मचारी कमी केले. चष्मा मोडला तर सुटे भाग कोठून मिळावेत आणि चुंबकीय अनुस्पंदन तपासणी करता येईल की नाही हे कोणास विचारावे, असे प्रश्न रुग्णांपुढे उभे राहिले. रोपण डोळ्यातच होते. ते काढावयाचे तर पुन्हा शस्त्रक्रिया आली. जालपटलाखाली सु. १,५०० प्रकाशविद्युत् घटांची चकती बसविणारी जर्मनीतील ‘रेटिना इंप्लांट’ ही संस्थाही २०१९ मध्ये बंद झाली. औषधाची परीक्षा घेताना त्याच्या दुष्परिणामांचा विचार होतो. उत्पादक नाहीसा होणे हा दुष्परिणाम मात्र कोणत्याही परवान्यात धरलेला नव्हता.

स्टॅनफर्ड येथील डॅन्येल पलांकर यांच्या संकल्पनेवरील ‘प्रिमा’ हे साधन अधिक साधे आहे. २ मिमी. बाजूच्या, ३७८ घटकांच्या चकतीस चष्म्यातून प्रक्षेपित केलेल्या अवरक्त प्रकाशाने चित्र व शक्ती दोन्ही मिळतात. त्यामुळे डोळ्यात तार नसते व प्रतिमा बुबुळाच्या हालचालीशी सुसंगत राहते. पीतबिंदूच्या वार्धक्यजन्य ऱ्हासात मध्यभागची दृष्टी गेलेल्या ३८ रुग्णांवरील परीक्षेचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षअखेर तपासलेल्या ३२ पैकी २६ जणांची दृष्टितीक्ष्णता लक्षणीय सुधारली व अनेकांना अक्षरे वाचता आली. दिसते ते कृष्णधवल असते. हे साधन विकसित करणारी पॅरिसमधील ‘पिक्सियम व्हिजन’ ही संस्थाही दिवाळखोरीत गेली व २०२४ मध्ये तिचे काम एका अमेरिकन कंपनीने घेतले.

विद्युत् अग्रांवाचूनचा मार्ग जननिक आहे. शैवालांतील प्रकाशसंवेदी प्रथिनापासून तयार केलेल्या प्रथिनाचे जनुक विषाणूद्वारे गुच्छिका कोशिकांत घालून त्या कोशिकाच प्रकाशग्राही केल्या जातात. जोसे-आलँ साहेल व बोटोंड रोस्का यांनी २०२१ मध्ये वर्णन केलेल्या ५८ वर्षांच्या रुग्णास विशिष्ट चष्मा लावल्यावर टेबलावरील वही व पेले जाणवू लागले. चष्मा काढला की ते दिसेनासे होत.