सोबत्याची साक्ष

सिल्वासात येऊन मला आता सहा वर्षे झाली. मुलाची नोकरी इथल्या एका कारखान्यात, आणि सेवानिवृत्त माणसाचे गाव म्हणजे मुलाचे गाव, ही गोष्ट आमच्या पिढीने मुकाट्याने मान्य केलेली आहे. उभी नोकरी महाराष्ट्राच्या महसूल खात्यात गेली. त्यामुळे नव्या गावाची ओळख करून घेण्याची माझी रीतही खात्याच्या वळणाचीच. माणसांना भेटण्याआधी मी कागद पाहतो. हा मुलूख कोणाचा होता, कोणाला कधी व कशापोटी मिळाला, सारा कोण वसूल करीत होते, हे कळल्याशिवाय मला गावात आल्यासारखे वाटत नाही.

कागदांच्या बाबतीत दादरा व नगर हवेलीचे नशीब मोठे थोर. मराठ्यांच्या आरमाराकडून १७७२ साली ‘सांताना’ या पोर्तुगीज जहाजाची हानी झाली. १७ डिसेंबर १७७९ रोजी पुणे दरबाराने पोर्तुगीजांशी मैत्रीचा तह केला आणि वार्षिक बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे त्यांना लावून देण्याचे ठरले. नगर हवेली १७८३ साली त्यांच्या ताब्यात गेली. दादरा त्यांनी १७८५ साली विकत घेतले. या कागदांचा कीस पुढे कुठे पडावा? तर थेट हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात! दमणहून या प्रदेशात जाण्याची वाट भारताने अडवली, अशी फिर्याद पोर्तुगालने १९५५ च्या डिसेंबरात तेथे गुदरली. भारताच्या वतीने मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. पेशव्यांनी दिले ते सार्वभौमत्व की नुसता सरंजाम, या प्रश्नावर तेथील न्यायमूर्तींनी पौणेदोनशे वर्षांपूर्वीच्या मराठी शब्दांचा अर्थ लावला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने मान्य केले की, मराठ्यांच्या बाजूने पाहता तो सरंजामच होता. पुढे इंग्रजांनी मात्र पोर्तुगीजांची सत्ता गृहीत धरली. तेव्हा खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्यायेण्याचा हक्क होता, सैन्याला व सशस्त्र पोलिसांना नव्हता. आणि १९५४ च्या जुलैत भारताने वाट अडवली यात कर्तव्यभंग झाला नाही. ज्याने आयुष्यभर इनाम आणि सरंजामाच्या फायली चाळल्या, त्याला हा निकाल वाचताना काय आनंद होतो, हे इतरांना सांगून कळायचे नाही.

मात्र १७७९ चा तह असा शब्दाशब्दाने वाचता येतो, आणि अवघ्या सत्तर वर्षांपूर्वीच्या, १९५४ च्या जुलै-ऑगस्टातल्या त्या पावसाळी रात्रींचा कागद मात्र जवळजवळ नाही. हे ध्यानात आल्यापासून माझा या गावाकडे पाहण्याचा रोख बदलला.

घटनाक्रम वाचकांस ठाऊक असेल. २१ जुलैच्या रात्री फ्रान्सिस मस्करेन्हस यांच्या नेतृत्वाखाली युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या लोकांनी दादराच्या पोलीस चौकीवर चाल केली. तेथील पोलीस अधिकारी अनिसेतो द रोझारिओ त्या झटापटीत ठार झाला. २८ जुलैला नरोली सुटली. मग आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक करंबेली स्थानकाच्या बाजूने भर पावसात सिल्वासावर आले. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो आपले शिपाई घेऊन आधीच खानवेलकडे निघून गेला होता. २ ऑगस्टला सिल्वासात तिरंगा चढला. फिदाल्गोने ११ ऑगस्टला भारतीय पोलिसांपुढे शरणागती पत्करली. कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते आपल्या बाजूने हवेलीत शिरले होते. तलासरी-डहाणूच्या वारल्यांमध्ये गोदावरी व शामराव परुळेकरांनी १९४५ पासून जे काम उभे केले होते, त्याचा धागा इथवर आलेला होता.

या मोहिमेत संगीतकार सुधीर फडके होते, शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे होते, राजा वाकणकर, नाना काजरेकर, गुजराती उत्तम बोलणारे विश्वनाथ नरवणे होते, पुढे ग्राहक चळवळीमुळे नावारूपाला आलेले बिंदुमाधव जोशी होते. निधीसाठी पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला होता. फडक्यांचे वय तेव्हा पस्तीस. ‘गीतरामायणा’चे पहिले गीत पुणे आकाशवाणीवरून प्रसारित व्हायला आणखी आठ महिने होते. पुरंदरे बत्तिशीत. बाकीचे बहुतेक विशीतले. ही नावे आपल्याला ठाऊक आहेत ती सिल्वासामुळे नव्हेत, हेही प्रांजळपणे म्हटले पाहिजे. फडके फडके होते म्हणून त्यांचे सिल्वासा आपल्याला कळले. ज्यांनी पुढे चाली लावल्या नाहीत की पोवाडे रचले नाहीत, ते परतल्यावर दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाले आणि विस्मृतीत गेले.

याला कारणेही सबळ होती. मोहीम गुप्त. कुठे चाललो हे घरी सांगायचे नाही, आणि सोबत्याचे पुरते नाव विचारायचे नाही. काम पंधरवड्यात फत्ते झाले, तेव्हा तुरुंगवास नाही, खटला नाही, शिक्षेचा दाखला नाही. गोव्याच्या सत्याग्रहात जे पकडले गेले त्यांची नावे निदान तुरुंगाच्या नोंदवहीत तरी उरली. इथे जिंकल्यामुळे नोंद राहिली नाही! शिवाय पुढली सात वर्षे हा प्रदेश कायद्याने भारतात नव्हता. वरिष्ठ पंचायतीच्या नावाने येथला कारभार चाले. ११ ऑगस्ट १९६१ रोजी तो भारतात विलीन झाला, आणि त्यासाठी आय.ए.एस. अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते येथील पंतप्रधान व्हावे लागले. हेगमध्ये खटला चालू असता पुण्या-मुंबईच्या तरुणांनी आपल्या पराक्रमाचे जाहीर वर्णन करणे सरकारला सोयीचे नव्हते, असा माझा तर्क आहे. सात वर्षे तोंड मिटून बसलेला माणूस आठव्या वर्षी बोलतोच असे नाही. तोवर लग्न होते, मुले होतात, सोबत्याचा पत्ता बदलतो.

काहींच्या बाबतीत सोबत पुन्हा जुळली. पुण्यात १९७४ च्या सुमारास बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, तेव्हा तिच्या संस्थापकांत सुधीर फडके होते. वीस वर्षांपूर्वी पिस्तुलांच्या चिंतेत असलेली माणसे आता तेल-साखरेच्या वजनमापाच्या चिंतेत एकत्र आली. मला ही गोष्ट सिल्वासाच्या मोहिमेइतकीच महत्त्वाची वाटते. चाळिशी-पन्नाशीत जुना सोबती पुन्हा भेटायचा, तर नुसत्या आठवणींवर भेट टिकत नाही. सोबतीला काही नवे काम लागते.

फडक्यांचे उत्तरायुष्य सावरकरांवरील चित्रपटात गेले. तो २००१ मध्ये प्रदर्शित झाला. त्यांचे आत्मचरित्र मात्र अपूर्ण राहिले. २९ जुलै २००२ रोजी ते गेले. त्या दिवशी बाबासाहेब पुरंदऱ्यांना ऐंशी वर्षे पूर्ण होत होती, आणि सिल्वासाचा मुक्तिदिन चार दिवसांवर होता. ऐंशीव्या वाढदिवशी सोबत्याच्या निधनाची वार्ता ऐकणाऱ्या माणसाच्या मनात काय येत असेल? बिंदुमाधव जोशी २०१५ मध्ये गेले, आणि शंभरीत पदार्पण केलेले पुरंदरे १५ नोव्हेंबर २०२१ रोजी.

आता माझ्या एका अपराधाची गोष्ट.

नव्वदच्या दशकात एका जिल्ह्याच्या ठिकाणी स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाचे टेबल काही काळ माझ्याकडे होते. १९७२ साली केंद्राची योजना निघाल्यापासून या प्रकरणांत दोन गोष्टींना महत्त्व असे : तुरुंगवासाचा दाखला, आणि तो नसल्यास सोबत्यांची साक्ष. एके दिवशी साठी ओलांडलेले एक गृहस्थ अर्ज घेऊन आले. १९५४ साली ते छापखान्यात कंपॉझिटर होते. एक जड पिशवी आगगाडीने वापीच्या बाजूला पोचवली आणि नंतर तुकडीबरोबर नदी ओलांडली, एवढेच अर्जात होते. मी नियम सांगितला. मान्यताप्राप्त अशा दोन सोबत्यांची प्रतिज्ञापत्रे आणा. ते म्हणाले, “साहेब, एकमेकांची नावे विचारायची नाहीत असे आम्हाला बजावले होते. मी ते पाळले. आता कोणाची नावे आणू?” मी अर्जावर ‘त्रुटीपूर्ततेस्तव परत’ असा शेरा मारला. शेरा नियमाला धरून होता. पुढे माझी बदली झाली, आणि ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत अशी माझी समजूत झाली. दादरा-नगर हवेलीचा लढा मान्यताप्राप्त लढ्यांच्या यादीत असल्याचे वाचले की मला तो शेरा आठवे.

ते टेबल माझ्यानंतर माझ्या एका मित्राकडे गेले. आम्ही दोघे एकाच वर्षी नायब तहसीलदार म्हणून लागलो, एका खोलीत राहिलो, एकाच डब्यातले जेवलो. पुढे ज्येष्ठता यादीत माझे नाव त्याच्या वर गेले, त्याने हरकत घेतली, आणि मी ती मनाला लावून घेतली. वीस-बावीस वर्षे आम्ही बोललो नाही. आज तो यादीतला क्रमांकही मला नीट सांगता येणार नाही. गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला मी ठाण्याला बँकेत गेलो, तिथे रांगेत आमचा एक जुना अव्वल कारकून भेटला. त्याच्याजवळ मित्राचा नंबर होता. तो आता नागपूरला मुलीकडे असतो, गुडघ्यांनी हैराण आहे, असे कळले. नंबर खिशात घालून मी महिनाभर बसलो. फोन केला तो या लेखाच्या निमित्ताने, म्हणजे सरकारी कामाचा बहाणा पुढे करूनच.

“कोण?” मी नाव सांगितले. “अरे, जिवंत आहेस होय?” तो म्हणाला, आणि ज्येष्ठता यादी तेवढ्यावर निकालात निघाली. मी त्या कंपॉझिटरचे विचारले. तो म्हणाला, “आला होता की. तुझ्यानंतर वर्षभराने. सोबत एकाला घेऊन आला होता.”

हे मला ठाऊकच नव्हते. त्या गृहस्थांनी वर्षभर मुंबई धुंडाळून तुकडीतला एक माणूस शोधला होता. परळला राहणारा, गिरणीतून सुटलेला. मित्राने दोघांचे जबाब घेतले आणि तेच घोटाळ्याचे झाले. एक म्हणे नदी दोर धरून ओलांडली, दुसरा म्हणे होडी होती. एकाच्या मते पाऊस थांबला होता, दुसऱ्याच्या मते समोरचा माणूस दिसत नव्हता. ऑफिसच्या व्हरांड्यात दोघे तासभर भांडले. दुसरा साक्षीदार मिळाला नाही तो नाहीच. निवृत्तिवेतनाचे पुढे काय झाले ते मित्राला आठवत नाही. त्याचीही बदली झाली. पण काही दिवसांनी ते गृहस्थ एकटेच परत आले होते, हे त्याला लख्ख आठवते. ते म्हणाले, “पेन्शनचे राहू द्या साहेब. त्याने लिहून दिलेल्या जबाबाची नक्कल तेवढी मिळेल का?” नक्कल फी भरून त्यांनी ती रीतसर घेतली. होडीचा उल्लेख असलेला, त्यांच्या मते सपशेल चुकीचा जबाब घडी करून खिशात घातला.

मी आता सकाळी दमणगंगेच्या पुलापर्यंत फिरायला जातो. वर मधुबन धरण झाल्यापासून नदीचे जुने रूप राहिलेले नाही. दोर बांधता येईल की होडी लागेल, हे आजच्या पात्रावरून ठरवता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला. कारखान्यांच्या बसगाड्या पुलावरून जातात. ज्या संघप्रदेशात मी राहायला आलो तो दुसऱ्याच वर्षी, २६ जानेवारी २०२० रोजी, दमण व दीवशी जोडला गेला. हेगच्या खटल्यात जी दमण ते हवेली वाट भांडणाचे मूळ होती, ती आता एकाच प्रदेशातल्या लोकांची वाट झाली आहे.

मित्राला मी म्हटले, तुला आठवते ते सगळे लिहून पाठव, मीही लिहितो, आणि एकमेकांचे आधी वाचायचे नाही. पंधरा दिवसांनी फूलस्केपची चार पाने आली, समासासकट, जुन्या टिपणीच्या थाटात. दुसऱ्याच पानावर त्याने लिहिले आहे की, तो माणूस कंपॉझिटर नव्हता, बाइंडर होता. मी अजून कंपॉझिटरच म्हणतो. या रविवारी पुन्हा फोन करायचा आहे.