मुखकर्करोग : धोक्याचे घटक

जीभ, हिरड्या, गालाची आतली बाजू, तोंडाचा तळ व टाळू यांच्या अस्तरात उद्भवणारा कर्करोग. भारतीय पुरुषांत त्याचे प्रमाण फार मोठे आहे आणि त्याचे मुख्य कारण तंबाखू व सुपारी हे आहे. चुना लावून मळलेल्या तंबाखूचा बार तासन्‌तास गालफडात धरला जातो. चुन्याच्या अल्कधर्मी गुणामुळे निकोटीन झपाट्याने शोषले जाते व सवय जडते. तंबाखूतील नायट्रोसमाइने पेशींच्या डीएनएला इजा करतात. गाठ बहुधा बार ठेवण्याच्या जागीच येते, हे लक्षणीय आहे. महाराष्ट्रात भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावतात. ती दंतमंजन समजली जात असल्याने अनेक स्त्रियांना हे व्यसन वाटतच नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. सुपारी तंबाखूविनाही कर्करोगकारक असते. तिच्यामुळे अस्तराखालील ऊती ताठरतात व तोंड उघडेनासे होते.

तंबाखूला मद्याची जोड मिळाल्यास धोका कित्येक पटींनी वाढतो. ओठाच्या कर्करोगास सूर्यप्रकाशातील अतिनील किरणही कारण ठरतात. आनुवंशिकतेचा वाटा लहान आहे. फॅन्कोनी पांडुरोगासारख्या विरळ विकारांत मात्र डीएनए-दुरुस्तीच्या जन्मजात दोषामुळे तरुणपणीच हा रोग संभवतो.

मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी भारतीयांच्या सवयी व कर्करोग यांच्या संबंधाचा पायाभूत अभ्यास केला. तंबाखू व सुपारी यांचे मिश्रण असलेल्या गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तोंडातील न दुखणारा पांढरा वा लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारे व्रण तातडीने तपासून घ्यावे लागतात.