सर्पगंधेची गोष्ट आणि न दुखणारा आजार

नाशिकमध्ये दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या छत्राखाली अॅलोपॅथी आणि आयुर्वेद ही दोन्ही घराणी नांदतात. त्या बाजूने जाताना मला मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञांची आठवण होते. या दोन घराण्यांची गाठ त्यांनी त्याआधी जवळजवळ पन्नास वर्षे घालून दिली होती. त्यांचे नाव डॉ. रुस्तम जाल वकील.

त्यांच्या कामाचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये तयार केले. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखालच्या रोहिणीचे आवाज स्टेथोस्कोपने ऐकण्याची पद्धत सांगितली आणि वरचा व खालचा असे दोन्ही आकडे नेमके मिळू लागले. आकडे मिळाले, पण औषध नव्हते. वाढत्या वयात रक्तदाब वाढायचाच, असे अनेक डॉक्टरही मानत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ भरला. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, यापलीकडे फारसे काही करता येत नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा तो ३००/१९० पर्यंत चढला होता. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाचीही त्या काळी हीच गत होती.

आपल्याकडे सर्पगंधेची मुळी वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. सर्पदंश, निद्रानाश, वेडाचे झटके यांवर ती दिली जाई. तिने रक्तदाबही उतरतो, असे कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिले होते. डॉ. वकील यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात पुढचे पाऊल टाकले. त्यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन त्यांच्या रक्तदाबाच्या पद्धतशीर नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

यापुढचा टप्पा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. रक्तदाब उतरला म्हणजे माणूस वाचतो का? याचे उत्तर १९६७ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून आले. तीव्र रक्तदाबाच्या १४३ पुरुषांपैकी ७३ जणांना औषधे दिली, ७० जणांना नुसत्याच दिसायला तशा गोळ्या. औषधांत रेसर्पिनही होते. औषध न मिळालेल्यांपैकी २७ जणांना गंभीर त्रास झाला. औषध घेणाऱ्यांत फक्त दोघांना. आपल्या रानातल्या मुळीचा वंश त्या पुराव्यात सामील होता.

म्हणून उद्यापासून सर्पगंधेचे चूर्ण घ्यावे काय? मुळीच नाही. रेसर्पिनने सुस्ती येते, काहींचे मन खिन्न होते. आज त्याहून चांगली औषधे आहेत. ही मुळी आपली म्हणून थोर, हा या गोष्टीचा बोध नव्हे. शतकानुशतके हाताशी असलेल्या वस्तूचा गुण मोजल्यानंतरच सिद्ध झाला, हा खरा बोध.

आणि मोजल्याशिवाय हा आजार कळतच नाही. वाढलेला दाब रोहिण्यांच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा करीत राहतो. तिथे चरबी साचते, वाट अरुंद होते, एखाद्या दिवशी गुठळी होऊन ती बंद पडते. हृदयात असे झाले तर झटका, मेंदूत झाले तर पक्षाघात. तंबाखू, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल याच कामाला हातभार लावतात. या साऱ्या काळात दुखत काहीच नाही. त्यामुळे ‘मला काही होत नाही’ म्हणत माणसे तपासत नाहीत, आणि तपासले तरी बरे वाटते म्हणून महिन्याभरात गोळी सोडतात.

आपल्या नाशिकचा चिवडा, मिसळ, वर पापड-लोणचे यांवर मी बंदी घालू इच्छित नाही. पण दिवसाचे एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चमचा असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याचा हिशेब ताटात दिसणाऱ्या मिठाबरोबर या पदार्थांतल्या मिठाचाही करायचा असतो. तंबाखू मळणे असो वा मिश्री लावणे, ते थांबवावे. गोदाकाठी रोज अर्धा तास भरभर चालावे. छातीत दाब येऊन घाम फुटला, तर गॅस समजून सोडा पीत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे.

२०१७ मध्ये देशात रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. त्याचा गाभा साधा आहे : जवळच्या आरोग्य केंद्रात मोजा, नोंद ठेवा, गोळी चुकवू नका. रूझवेल्ट यांना जे मिळाले नाही, ते आज निफाड-सिन्नरच्या शेतकऱ्यालाही मिळू शकते. त्यासाठी त्याने पट्ट्यापुढे दंड तेवढा करायला हवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)